होडीत चढायची माझी पद्धत

२४ सप्टेंबर, बुधवार
आजपासून सीरियस. मागचं सगळं (बाइकवरचे व्हिडिओ, ड्रोन, डीजेचा कोर्स) ट्रायल होतं. खरा प्रितेश आत्ता सुरू.

बातमी: उदयसिंह सर, ज्यांच्याकडे मी स्विमिंग पूलमध्ये डायव्हिंग शिकलो, ते या सीझनला तारकर्लीला बोट नेणार. हेल्पर एकच घेणार. १२ ऑक्टोबरला उरणच्या बाजूला टेस्ट. साइडमाउंट लावून, म्हणजे ऑक्सिजनच्या, सॉरी, हवेच्या दोन टाक्या पाठीवर न घेता दोन्ही कुशींना लटकवून, बोटीतून पाण्यात उतरायचं आणि परत बोटीत चढायचं. संपलं. पाण्याखाली काय करता ते बघणारच नाहीत. इथल्या गढूळ पाण्यात दिसणार तरी काय म्हणा.

ही कसली टेस्ट? उतरणं-चढणं तर म्हशीलापण येतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, कमलाकर मामाने न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात माझं काम नक्की केलंय, १३ तारखेपासून. म्हटलं, आधी टेस्ट. ती म्हणाली, झालास पास तर जा. नायतर सोमवारी गपगुमान यार्डात.

डील.

२५ सप्टेंबर, दुपार
प्रॅक्टिस सुरू. टाक्या सर टेस्टलाच देणार, म्हणून आपली सोय आपण. घरातला छोटा गॅस सिलिंडर एका कुशीला. दुसरा वेणूकाकूचा, तिच्या वडापावच्या गाडीवरचा, पाच मिनिटांसाठी म्हणून आणलेला. जुन्या दप्तरांच्या पट्ट्यांनी बांधले. ओटी म्हणजे बोट, अंगण म्हणजे समुद्र. उडी बरी बसली. गुडघा सोडून.

वर चढताना शेजारचे भाऊजी म्हणाले, गॅसचं बुकिंग करून आठ दिवस झाले, आमचा नंबर कधी?

नंतर वेणूकाकू आली. मागून पट्टा सोडला, तिचा सिलिंडर काढला आणि गेली. एका बाजूने हलका झालो आणि तुळशीवर पडलो.

कॉपरेशन नाही या गावात.

२८ सप्टेंबर, रविवार
पूलवर गेलो. सरांनी त्यांची पद्धत सांगितली. उतरताना माणूस आधी, टाक्या मागून दोरीने, पाण्यातच लावायच्या. येताना उलटं: टाक्या सोडून वरच्याच्या हातात द्यायच्या, मग माणूस शिडीने वर.

म्हणजे हमाली. मी विचारलं, दोन्ही टाक्या लावूनच उडी मारली आणि लावूनच शिडी चढलो तर? सर म्हणाले, चढणारे चढतात, पण तू नको.

“तू नको” म्हणाले त्याच क्षणी ठरवलं.

बॅचमध्ये एक मिताली आहे. खांदा कॉलनीत राहते, बँकेत आहे. प्रत्येक गोष्ट मोबाइलमध्ये लिहून घेते. मी काहीच लिहीत नाही. माझं शरीर लिहून घेतं.

१ ऑक्टोबर, बुधवार
तीन दिवस प्रॅक्टिस नाही. कारणं: नवरात्र, गरबा, आणि पळस्प्याला मिसळ खायला गेलो तिथे एकजण गोव्याला निघालेला भेटला, त्याच्या मागे बसून पेणपर्यंत गेलो. पेणला उतरल्यावर आठवलं की गोव्यात काम काहीच नाही.

पिवळे फिन्स आले. पायात घालायचे ते, बदकासारखे. घालून घरात फिरलो. एक कप फुटला. (आईला मांजर सांगितलंय.)

२ ऑक्टोबर, दसरा
मामाने होडी धुवून हार घातला. आईने सिलिंडरलापण झेंडूचा हार घातला. म्हणाली, तुझं हत्यार हाय ना. टोमणा होता. मी मनापासून नमस्कार केला.

५ ऑक्टोबर, रविवार
मामाने खाडीत होडी दिली. पण अडलो ते पहिल्याच पावलाला. मी फिन्स घालून चढायला गेलो तर मामाने हात आडवा केला.

“पायतान होडीत नाय.”

म्हटलं, मामा, ही चप्पल नाही, इक्विपमेंट आहे.

“पायात घालतंस ना? मंग पायतानच. होडी आपली लक्षुमी हाय. काढ.”

काढले. बंदराच्या कट्ट्यावर मामाच्या चपलांशेजारी ठेवले. होडीला हात लावून नमस्कार, उजवा पाय आधी. आमच्याकडे असंच चढतात. लहानपणी विसरलो की पाठीत बसायची.

मग बिनफिन्सचंच पोहलो. खरं सांगू तर काही अडलं नाही. सिलिंडर मामाने आणू दिला नाही, त्यामुळे वर चढणंही एकदम इझी.

९ ऑक्टोबर, गुरुवार
रोज होडीवर. रोज फिन्स कट्ट्यावर. आता सांगावं लागत नाही, हात आपोआप जातो. मामा म्हणाला, एवढं एक वळण तरी लागलं पोराला.

मितालीचा मेसेज: सरांची पद्धत एकत्र प्रॅक्टिस करूया का? एकदा तिने टाकी वर घ्यायची, एकदा मी. मी लिहिलं, थँक्स, माझी वेगळी सिस्टिम आहे. बिचारीला टेन्शन आलं असणार.

११ ऑक्टोबर, शनिवार
तारकर्लीची बॅग भरली. आईने यार्डसाठी आणलेले सेफ्टी शूज दारात ठेवलेत. तिला म्हटलं, परत करून टाक, बिल असेल तर. ती बिल शोधायलापण उठली नाही.

लवकर झोपायचं. (झोपलो नाही. बोटीवर लावायला लोगो बनवत होतो.)

१२ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ
सविस्तर लिहितो. उद्या लोक वेगळं सांगतील.

इम्प्रेशन पडावं म्हणून रिक्षातून उतरल्यापासूनच फिन्स घातले. जेट्टीवर फटॅक फटॅक चालत गेलो. कोळणी बघत होत्या. बोट लागली. मी फिन्स काढले, नीट जोडीने ठेवले, बोटीला नमस्कार केला, उजवा पाय आधी. सरांनापण बरं वाटलेलं दिसलं. बोट सुटली.

लांब गेल्यावर सर म्हणाले, फिन्स घाल.

मी इकडेतिकडे बघितलं. म्हटलं, ठेवले.

“कुठे?”

“बाहेर.”

“बाहेर म्हणजे?”

मी बोट दाखवलं. जेट्टी तेव्हा काडेपेटीएवढी दिसत होती. पिवळं काहीतरी होतं बहुतेक.

मितालीने तिचे देऊ का विचारलं. माप बसेना. सर म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी! उद्या यार्ड. म्हटलं सर, मी बिनफिन्सचाच तयार झालोय. त्यांनी माझ्या कमरेला दोरी बांधली आणि म्हणाले, बोटीपासून लांब जायचं नाही.

दोन्ही टाक्या लावून उडी मारली. उडी चांगली होती हे लिहून ठेवतो. खालची क्लिप लावायची राहिली होती, त्यामुळे डावी टाकी वर आली आणि हनुवटीवर बसली. मग ओहोटी. ओहोटीची आगाऊ कल्पना कोणी दिली नव्हती. पाय मारतोय, मारतोय, आणि बोट लांब चाललीय. शेवटी दोरीने ओढला. पापलेटचं जाळं ओढतात तसा, दोघांनी.

शिडी. इथे माझी सिस्टिम. तीन पायऱ्या चढलो आणि दोन्ही टाक्या शिडीच्या दांड्यांत अडकल्या. वर नाही, खाली नाही. लाटेबरोबर शिडीसकट हलत होतो. सर म्हणाले, टाक्या सोड. म्हटलं, होतंय. सर म्हणाले, काय होतंय?

तेवढ्यात मिताली वाकली. एक क्लिप, दुसरी क्लिप, एक टाकी वर, दुसरी टाकी वर. एकदम वेणूकाकू आठवली.

मग मी वर आलो. हलका. खरं म्हणजे फार सोपं होतं.

नंतर ती उतरली. सरांची पद्धत. टाक्या वर घ्यायला मीच होतो. उतरली काय, आली काय, कळलंपण नाही. बघण्यासारखं काहीच नव्हतं त्यात.

येताना सर शेजारी बसले. म्हणाले, “पाण्यात तू चांगला आहेस, प्रितेश. फक्त आत जाताना आणि बाहेर येतानाच गडबड होते.” सीझनला मिताली जातेय. बँकेतून रजा मिळालीय म्हणे.

जेट्टीवर फिन्स तसेच होते. उडू नयेत म्हणून कोणीतरी वर दगड ठेवला होता. शेजारी ओळीने पाच-सहा जोड चपला, मच्छीवर गेलेल्यांच्या. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. माझ्या फिन्सचीपण.

आईने हनुवटीला हळद लावली.

१३ ऑक्टोबर, सोमवार
यार्ड. मामाने बाइकवर सोडलं. काम: गेटवर उभं राहायचं, कंटेनर आत येतो आणि बाहेर जातो ते बघायचं. हो, आत येणं आणि बाहेर जाणं. मी हसलो. सुपरवायझरने का ते विचारलं. म्हटलं, काही नाही, या लाइनचा अनुभव आहे.

दुपारी त्याने केबिनमध्ये बोलावलं. सही केली, निघालो, तर तो माझ्या पायांकडे बघत राहिला. बूट कुठेत, म्हणाला. म्हटलं, बाहेर. तो म्हणाला, हे देऊळ आहे का? इथे बुटाशिवाय पाऊल टाकायचं नाही, पायावर काही पडलं तर जबाबदार कोण.

बाहेर आलो. बूट दाराशी जोडीने होते. शेजारी दुसरे कोणाचेच नव्हते.