पाठीवरची पावलं

३ एप्रिल १९४६
पोचलो एकदाचा. पाटणहून तासगावाकडच्या या वस्तीवर, निम्मी वाट रेल्वेनं आणि निम्मी बैलगाडीत आडवा पडून. ब्रह्मदेशात ट्रक उलटला तेव्हा माझ्या मणक्यातली गादी सरकली. पलटणीचा डॉक्टर म्हणाला, कापावं लागेल. म्हटलं, मी काय बोकड आहे? म्हणून आता पायाळूची लाथ खायला आलोय. लाथा गावातही फुकट मिळाल्या असत्या, पण तिथं पायाळू कुणी नाही!

घरधनीण हरणाबाई, विधवा. भाकरी झकास करते. तिची लेक चांगुणा पायांकडून जन्मली, तिचा पाय लागला की कंबर सुटते म्हणे. सुटू दे बाबा. मी लढाईवर असताना झालेली माझी पोर अजून कडेवर घेतलेली नाही.

७ एप्रिल
दुपारी पालथा पडतो. हरणाबाई पाठीला तेल लावते, वर राख भुरभुरते आणि बजावते, मागं बघायचं नाही. मग चिमुकली पावलं मणक्यावरून फिरतात. गार असतात. पोर एक शब्द बोलत नाही. लाजाळू आहे म्हणे. आज बधिर पायाचा अंगठा हलला. गड्या, मी रडलो.

१९ एप्रिल
विहिरीपर्यंत चालत गेलो. तिथं बिराप्पा धनगर भेटला. चांगुणेनं बरं केलं, असं त्याला कौतुकानं सांगितलं. त्याचा चेहराच उतरला. पोर गेल्या वळवात वीज पडून गेली, म्हणाला. त्याचीच उसण काढायला आईनं तिला मेंढरांच्या वाड्यावर धाडलं होतं. पायाळूवर वीज पडते हे ठाऊक असून, भरल्या आभाळात.

२० एप्रिल
विचारलं. हरणाबाई भाकरी थापत होती, हात थांबला नाही.
"व्हय, गेली. पर दुखणारी पाठ आली की येती. मला दिसत न्हाई. राखंवर पावलं उठत्यात, तेवढी बघती."
म्हणजे राख औषध नव्हती. पळून जावंसं वाटलं, तरी दुपारी आडवा झालोच. तिनं एकेका ठशावरून बोट फिरवलं. फार वाईट वाटलं.

२७ एप्रिल
कंबर दुखत नाही. आज ठसा अर्धाच उठला. हरणाबाई जेवली नाही. मला म्हणाली, पाण्याचा हंडा उचलून बघा. भीती वाटली. पोरीची नाही — तिची.

३० एप्रिल
गाडी सांगितली आहे. ती म्हणाली, एकदा शेवटचं पडा. नाही कसं म्हणू? पालथा पडूनच लिहितोय. आज राख लावली नाही. म्हणते, आता ती येत न्हाई —

आली. पावलं फिरत नाहीत. कमरेवर नुसती उभी, थरथरत —

हरणाबाई आत गेली होती. समोरच्या भिंतीवर तिची सावली. हातात वरवंटा —

"दादा, थोडंच दुखंल."

कूस बदलली तर पोर पडेल. मधे उभी आहे ती, आईला दिसत नाही. राख नाही ना — हरणाबाई, थांबा, चांगुणा इथं —