तिसऱ्या ग्लासाचा वास

बा, नात अमेरिकेहून आली आणि तिच्या बॅगेतून मक्याच्या दारूची बाटली निघाली. बुर्बन म्हणतात तिला. नवऱ्यासाठी घेतली असेल म्हटलं, तर नाही, स्वतःसाठी. "स्वस्तातली आहे आजी, पण घशाला टोचत नाही," ती म्हणाली. घशाचं मला काय सांगतेस, म्हटलं, घाल दोन थेंब हातावर. ती हसली. पण तुझी लेक आहे मी, बा, दारू न पिता तिची परीक्षा करणाऱ्या माणसाची.

राळेगावच्या त्या ठेक्याच्या दुकानात तू मोहाची दारू चाखायचास आणि मी बाटल्या धुवायची. कुठली कडक, कुठली गरिबाला सोसेल अशी मऊ, हे तुझी जीभ ठरवायची, आणि तिचा तुला तोराही होता. छप्पन साली तू नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलास. पाचवं शील घेतलं, म्हणजे दारू सुटली. मालक म्हणाला, "चाखून थुकून टाक ना, कोण पाह्यते?" तू म्हणालास, "थुकलं तरी जीभ त ओली होतेच." मग त्याने तीन ग्लास मांडले. न चाखता ओळखलंस तर काम राहील, नाही तर नाही. तू दोन थेंब तळहातावर घेतलेस, चोळलेस, हात नाकाशी नेलास. पहिली पाणी घातलेली, दुसरी सडक्या फुलांची, दोन्ही बरोबर. तिसरीला तू थांबलास. मला धीर धरवेना. मी मागून ग्लासात बोट बुडवून चाटलं. यंदाच्या फुलांची, मऊ, फार चांगली होती. तुला खुणावणार तोच तू वळून माझं ओलं बोट पाहिलंस आणि हात खाली केलास. "मी सोडलं ते तुह्या जिभेवर ठेवाले नाही, बाई." मग मालकाला म्हणालास, "हे मले नाही समजलं. खोटं कायले बोलू?" काम गेलं, आणि घरी येईपर्यंत मी रस्ताभर रडले. पुढल्या महिन्यात तू जिनिंगच्या कारखान्यात लागलास. कापसाचा पुंजका बोटांत ओढून धागा लांब की आखूड ते सांगू लागलास, आणि माणसं पुन्हा तुझ्या हाताकडे पाहू लागली. त्या कापसावरच मी शिकले, मास्तरीण झाले.

तर आज बुर्बन हातावर चोळली. आधी नुसता झणका, नाकात पाणी आलं. नातीला म्हणणारच होते, काही खास नाही. पण ती बोलत राहिली आणि हात वाळला, तेव्हा भाजलेल्या कणसाचा वास आला, मग गुळाचा, मग ओल्या लाकडाचा. स्वस्त आहे, पण लबाड नाही, असा निकाल दिला. आणि मग उमगलं, बा, चांगल्या दारूचा वास हात वाळल्यावर येतो. तुला तिसरी कळणारच होती. माझ्या बोटापायी तू हात पुरता वाळू दिला नाहीस. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तुला मदत करायला गेले. तुझं काम माझ्यामुळे गेलं, आणि त्याचं आता फारसं वाईट वाटत नाही, कारण तो कापूस आठवतो.

तू तर कधीचाच गेलास, हे कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचे, ते ठाऊक नाही. तांदळाच्या डब्याखाली ठेवते. आणि हो, नात आत गेल्यावर हात धुवायला उठले, तेव्हा धुण्याआधी बोट चाटलं. घशाला खरंच टोचत नाही.