गळकी कवटी

११ फेब्रुवारी, सदलगा
नात श्रद्धा आली. बेळगावात फिजिओथेरपी शिकते. बरोबर कवटी आणि मणके, प्लास्टिकचे. आमच्या बायकोनं, पद्मावतीनं, उंबऱ्यातच अडवलं. जैनाच्या घरात हाडं? खोटी असली तरी न्हाय! शेवटी पंपाच्या मोटारीच्या खोलीत ठेवली. श्रद्धा मामाकडं गेली. रविवारी येऊन ह्या हाडांवरच उजळणी करणार. सोमवारी तोंडी परीक्षा.

१२ फेब्रुवारी, सकाळी
कवटी बघितली. टाळकं सणकलं! वर नागमोडी तडे, खाली भोकंच भोकं. एकात तर अंगठा जातो. गरीब पोरीच्या गळ्यात डिफेक्टिव्ह माल मारला! दुकानदाराला फोनवर झाडलं. हसला, ठेवून दिला. चोर!
निश्चय : आपणच दुरुस्त करायची. जन्मभर पंपसेट दुरुस्त केले, एक गळू दिला न्हाय.

१३ फेब्रुवारी
तड्यांत पुट्टी भरली. भोकं एमसीलनं बंद. मानेच्या पहिल्या मणक्याला पोटच न्हाय, नुसतं कडं. वायसर घातलाय माणसाच्या मानेत! पुराव्याला ठेवला. दुसऱ्यावर खुंटा वर आलेला. मोल्डिंगची चूक. कानशीनं सपाट केला.
पद्मावती म्हणे, पोरीला विचारा तरी. हिला मेकॅनिकल काय कळतं?

१५ फेब्रुवारी, रविवार
श्रद्धानं कवटी उलटी केली. डोळ्यांत पाणी. म्हणे, अज्जा, उद्या हेच विचारतात. कुठल्या भोकातनं कुठली नस जाते. मोठ्यातनं मज्जारज्जू. ते तडे न्हाईत, हाडांचे सांधे आहेत. आणि त्या खुंट्यावर मान डावी-उजवी फिरते.
शक्यच न्हाय! मी रागानं मान हलवली.
म्हणाली, आत्ता फिरली ती हीच. ह्याच खुंट्यावर.
ड्रिल काढलं. ती पुस्तकात बघून नस सांगणार, मी भोक उघडणार. अंधार पडेपर्यंत चाललं. एक भोक जास्तीचं पडलं. विचारलं, ह्यातनं काय जातं गं?
पद्मावती दारातनं म्हणाली, तुमची अक्कल.

१७ फेब्रुवारी
श्रद्धा पास! परीक्षकानं भोकंच विचारली, एक चुकलं न्हाय. बाकीच्या पोरांनी भोकं नुसती बघितलेली. हिला मी एकेक उघडून दिलं. कॉलेजला हे सुचलं असतं का? बिनडोक लेकाचे!
निश्चय : पुढच्या परीक्षेला हातापायांची हाडं. आत्तापासूनच तयारी.
हत्यारं काढायला गेलो. पेटीला कुलूप. पद्मावती म्हणे, किल्ली पोरीबरोबर बेळगावला गेली.