गंगव्वाची पपई

जयनगर, बंगळूर

प्रिय दया,

बारशाचे फोटो मिळाले. नातू तुझ्या मांडीवर इतका निवांत झोपला आहे की हे पत्र आज लिहू नये असं वाटलं. पण गंगव्वाला धुण्याभांड्यांच्या कामावरून काढलं त्याला पाच आठवडे झाले आणि पूजेला बसलं की माझं मन लागत नाही. तुला फोनवर सांगायला दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा पाण्याच्या टाकीचंच बोललो.

आधी सीताफळाचं सांगतो. वहिनींच्या हातचं झाड म्हणून तुझा जीव त्यात अडकलेला असतो. जिन्याकडच्या तीन फांद्या छाटाव्या लागल्या. पिठ्या ढेकणांनी फळांच्या खाचाखाचांत कापूस भरल्यासारखं करून ठेवलं होतं. बुंध्याला चिकट पट्टी बांधली आहे, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. या किड्यांचा गोड चिकटा मुंग्यांना आवडतो, त्यासाठी त्या पिल्लं उचलून नव्या फांदीवर नेऊन ठेवतात. झाड जगेल. यंदा फळ मात्र नाही.

माझं काम तुला नेहमी हसण्यासारखं वाटलं. बोम्मसंद्र्याच्या प्रयोगशाळेत मी लाल भोपळ्यांवर हेच किडे मुद्दाम वाढवतो, ढालकिड्यांना खायला. मग ते ढालकिडे लोकांच्या बागांत सोडतात, तिथली ही कीड खायला. शाळेत पहिला यायचा आणि आता ढेकणांची खानावळ चालवतो, असं तू वहिनींना सांगायचास. त्या खानावळीत वीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की पांढरं दिसलं म्हणजे सगळे एकच नसतात. पपईवरचा चिरडला तर बोटाला पिवळं लागतं. जास्वंदीवरचा आतून गुलाबी, आणि तो सीताफळावरही सुखाने राहतो.

गंगव्वाने गावाहून आणलेलं पपईचं रोप मागच्या दारी डब्यात होतं. व्हिडिओ कॉलवर त्याच्या पानांवर पांढरं दिसलं तसा तू म्हणालास, हिनेच ही घाण सीताफळावर आणली, उद्यापासून येऊ नको म्हणावं. मी 'सरी', बरं, म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. तिने वाद घातला नाही. नळाखाली हात धुतले, डबा कमरेवर घेतला आणि विचारलं, "अण्णा, तुम्ही तर किड्यांतलेच. नीट बघितलंत ना?"

बघितलं होतं. आदल्या दिवशीच, भिंग घेऊन. पपईवरचे पिवळे होते, सीताफळावरचे गुलाबी.

आमच्या प्रयोगशाळेच्या कुंपणाशी जास्वंद आहे. दर मंगळवारी कपडे बदलून, हात धुऊन निघालो की गणपतीसाठी मी तिची फुलं घेतो. आवारातलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, हे नव्या लोकांना मीच बजावतो. पण देवासाठी नेलेलं त्यात धरायचं नाही, असं माझं मी ठरवून टाकलं होतं. गावी निर्माल्य वेदगंगेत सोडायचो. इथे ते कचऱ्याच्या गाडीत टाकवेना, म्हणून वरच्या खोलीतून खाली उतरून, नैवेद्याच्या गुळाचे कण लागलेलं तसंच, तुझ्या सीताफळाच्या मुळाशी ठेवत आलो. गुळाला मुंग्या आल्या. पुढचं, फुलांतून आलेले किडे वर नेण्याचं, त्यांनी केलं.

रविवारी गंगव्वाच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं, परत कामावर ये म्हणालो. तिने चहा ठेवला. म्हणाली, "मी नाही केलं हे मला ठाऊकच होतं, ते मला काय सांगता? ज्यांनी काढलं त्यांना सांगा. त्यांनी स्वतः बोलावलं तर येईन. तुमच्या शब्दावर नाही येत आता." तिचं बरोबर आहे. म्हणून हे पत्र. तिचा नंबर मागे लिहिला आहे. तिला फोन कर, आणि चूक उमाजीची होती असं माझं नाव घेऊन सांग. तुझ्या वरच्या खोलीत मी राहावं की नाही, ते मग सावकाश ठरव. आधी तिला फोन कर.

तुझाच,
उमाजी