परत आलेलं गणित

सर, काल आमच्या मुलीने बारावीच्या वहीत एका गणितावर भली मोठी फुली मारली आणि मला तुमची आठवण आली. ई रेज टू एक्स इनटू साइन एक्स. इंटिग्रेशन बाय पार्ट्स दोनदा लावलं की जे सोडवायला घेतलं तेच पुन्हा समोर येतं. "मम्मी, हे नुसतं गोल फिरतंय. माझं डोकं आउट झालंय," म्हणाली. मला आधी हसू आलं, मग कसंतरीच झालं.

मार्केट यार्डाच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीवरची तुमची ती खोली. गिरणी सुरू झाली की फळा थरथरायचा आणि तुम्ही खडू धरून ती थांबायची वाट बघायचा. मी अकरावीत गणितात गचकलेली; बारावीत पुन्हा तेच झालं तर शिक्षण बंद, हे घरी ठरलेलं. हेच गणित, अशीच फुली. तुम्ही माझी वही उचलता, चष्मा कपाळावर सरकवता. "अहो, आपण घराच्या दारापर्यंत जाऊन माघारी आलात की. बेल वाजवायला काय झालं होतं?" वर्ग हसतो, मी रडायच्या बेतात. मग तुम्ही बाकावर शेजारी बसता आणि हळू आवाजात सांगता, परत आलं म्हणजे चुकलं असं नाही. त्याला आय म्हणा, डावीकडे न्या, दोनने भागा. फक्त पहिल्यांदा डेरिव्हेटिव्ह साइनचं घेतलं असेल, तर दुसऱ्यांदा कॉसचंच घ्या. मध्येच पलटलात तर सगळं कटून हाती शून्य. "आणि खोडायचंच असेल तर एक आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. बरेचदा तेच बरोबर असतं."

दिवाळीनंतर मी तुमचा क्लास सोडला. मैत्रिणी हडपसरच्या मोठ्या क्लासला निघाल्या होत्या, मग मलाही तिथंच जायचं होतं. तुम्हाला सांगितलं, आम्ही घर बदलतोय, लांब जातोय. "बसने नाही का जमणार?" तुम्ही विचारलंत. मी नाही म्हणून मान हलवली. तुम्ही तुमची स्वतःची वही काढून दिलीत, सगळी गणितं सोडवलेली. त्या मोठ्या क्लासात मला काडीचं कळलं नाही. मी पास झाले ती तुमच्या वहीवर. पेढे आणून ठेवले होते, पण कुठल्या तोंडाने जिना चढणार? पुढे गिरणीवाल्या काकांकडून कळलं की तुम्ही गेलात. फार वाईट वाटलं, सर, अजूनही वाटतं.

काल मुलीच्या फुलीखालच्या सगळ्या पायऱ्या बरोबर होत्या. तुमची वही तिच्यापुढे ठेवली, आणि तिला जमलं.

मग हे लिहायला बसले. शाळेतल्या सवयीने वरच्या कोपऱ्यात आधी पत्ता लिहिला होता: बिबवेवाडी, तीच सोसायटी, तोच दुसरा मजला. आम्ही तेव्हा घर बदललंच नव्हतं. आत्ता तो पत्ता खोडला. एकच आडवी रेघ मारली आहे, खालचं वाचता येतंय.