धाकासाठी आणलेला रेडा

तुडील मुक्कामी सौ. निशिगंधाताईस, तुझ्या माहेरच्या माळावरून आतेभाऊ चंदनचा वाकून नमस्कार.

पत्र कधीचंच लिहायचं होतं. कागद होता तर पेन नव्हतं, आणि पेन मिळालं तेव्हा समोर रिकामी बाटली पडलेली, तिचं भिरभिरं करत बसलो (छान फिरतं, ओवीसाठी ठेवलंय, तिचा पुढचा दात पडला का?). खरं कारण म्हणजे, लिहिलं की ते झालंय असं मान्य करावं लागतं. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? तात्यांना, म्हणजे तुझ्या सासऱ्यांना, माझा नमस्कार सांग, पण पत्र पुरतं वाचून झाल्यावर सांग. तुझे बाबा, म्हणजे आमचे मामा, बरे आहेत. मामी बोलत नाहीत, म्हणजे माझ्याशी.

झऱ्याची रीत तुला मी काय सांगणार, तू त्याच पाण्यावर वाढलीस. पण मला ती उशिरा कळली, म्हणून एकदा लिहून काढतो. आपली वरची वाडी आणि पलीकडची खालची वाडी, मध्ये झरा एकच. जी वाडी आधी पाण्याला येईल तिनं झऱ्याच्या तोंडाशी जांभळीची ओली फांदी खोवायची. फांदी आहे तोवर दुसऱ्या वाडीनं कळश्या घेऊन लांब थांबायचं. भरून झालं की फांदी काढायची. पहारा नाही, सही नाही, शिक्का नाही. मला हे फार कच्चं वाटलं. त्यात पोलादपूरच्या स्टँडवर माझी महाबळेश्वरची गाडी चुकली (महाबळेश्वरला कशाला चाललो होतो ते आता आठवत नाही) आणि दुसरी येईपर्यंत मी मोबाईलवर एका टायवाल्या माणसाचं भाषण ऐकत बसलो. तो देशादेशांचं सांगत होता. शेजाऱ्यानं शस्त्र आणलं की आपणही आणायचं. वापरायचं नाही, नुसतं दिसेल असं ठेवायचं. ह्याला डेटरन्स म्हणतात, म्हणजे धाक. दोघांना एकमेकांचा धाक असला की शांतता. दुसरी गाडी आली आणि गेली, मी ऐकतच होतो. शेवटच्या भागाला बॅटरी संपली. (त्या भागात काय होतं ते मला पुढं झऱ्यावर कळलं.)

वाडीत येतो तर खालच्या वाडीच्या हैबतीबाबांनी घाटावरून वळू आणलेला. पांढराशुभ्र, मान वळवली तरी जमीन हलल्यासारखी वाटावी असा. मी मामांना म्हटलं, सत्तेचा समतोल ढळला. मामा म्हणाले, "ढळंल तवा ढळंल, आधी शेळ्या आत घाल." पण मी जेवताना रोज तोच विषय काढला, नकाशाही काढला (कोळशानं, ओसरीच्या भिंतीवर, मामींच्या न बोलण्याचं हे पहिलं कारण). शेवटी मामा घास हातात धरून खालच्या वाडीकडं बघायला लागले, तेव्हा माझं शिक्षण घराच्या कामी आलं असं मला वाटलं.

मग मी धाक शोधायला निघालो. दासगावला क्रिकेटचे सामने होते, तिथं अंपायर कमी पडत होता, त्यात वेळ गेला. तिथून तुडीलला. तू बचत गटाच्या बैठकीला गेली होतीस. तात्यांनी गोठ्यातला सरदार दाखवला. एवढा काळा रेडा मी पाहिला नव्हता. मी विचारलं, मारतो का? तात्या म्हणाले, "मारत नाय, पन मारंल असा दिसतो." डेटरन्सचा अर्थ इतक्या थोडक्यात त्या टायवाल्यालाही सांगता आला नव्हता. पावसापर्यंत वापरायला म्हणून सरदार माझ्याबरोबर टेम्पोत चढला. मामांनी त्याला बघून एवढंच विचारलं, "ह्याला पानी कुठलं पाजशील रे?" मी म्हटलं, तो तपशील आहे.

सरदार घरामागच्या परड्यात बांधला, तर खालच्या वाडीतनं तो दिसेचना, आणि न दिसणारा धाक हा नुसताच खर्च. म्हणून कोणाला न विचारता मी त्याला झऱ्याशेजारच्या जांभळीला नेऊन बांधला. सावित्रीच्या डोहात वाढलेलं जनावर वैशाखात पाण्यापाशी बांधू नये, हे सगळ्या तालुक्यात बहुधा मला एकट्यालाच माहीत नव्हतं. मामी नि बायका पाणी भरत होत्या, फांदी जागेवर होती. सरदारनं ती खाल्ली.

इतक्यात खालून चंद्राबाई आल्या, म्हणजे हैबतीबाबांच्या कारभारीण. फांदी दिसली नाही म्हणून त्या खालच्या वाडीतल्या बायकांना घेऊन सरळ झऱ्यावर आल्या. मामी म्हणाल्या, "फांदी दिसत नाय का गो?" चंद्राबाई म्हणाल्या, "दाव की. कमरेला खोवलीस काय?" मामी वळल्या तर फांदी नाही. आजवर तिला परक्या वाडीचा हात लागला नव्हता, त्यामुळं कोणी काढली असं विचारायची कुणाला सवयच नव्हती, एकदम भांडणच आलं. कळश्या आपटल्या. मामा वरून आले, हैबतीबाबा खालून आले. मी मध्ये उभा राहून दोन्ही बाजूंना संयम राखायचं आवाहन केलं. तेवढ्यात मागं दोर तुटल्याचा आणि मग पाण्याचा आवाज झाला.

सरदार झऱ्यात बसला होता. ओठाच्या कडेला जांभळीचं एक पान. मग दोन्ही वाड्यांनी संयम राखला आणि सगळे माझ्याकडं वळले. एवढं एकमत त्यांच्यात पूर्वी कधी झालं असेल असं वाटत नाही.

पुढं गाळ उपसायला दोन्ही वाड्या एकत्र उतरल्या, आणि तोवर बायांना दरीतल्या ओढ्यावरनं पाणी वाहावं लागलं (मीही वाहिलं, डोक्यावर हंडा घेतलेला माणूस फार विचार करत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं). गाळ काढता काढता हैबतीबाबा म्हणाले, "वळू काय एका वाडीचा असतो रे? तुमच्या गायींनापन तोच हाय. सांगाय येनारच हुतो, तवर तू रेडा आनलास." वळू कुठून मिळाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, तुडीलच्या तात्यांनीच मिळवून दिला. म्हणजे ताई, दोन्ही सैन्यांचं दुकान एकच, आणि ते तुझं सासर.

आता पाणी निवळलंय, पण झऱ्याच्या कडेचा दगड हललाय. सरदार पुन्हा बसला तर तो ढासळणार आणि पावसापर्यंत दोन्ही वाड्या कोरड्या. सरदारनं आणखी दोर तोडलेत. म्हणून मला त्याच्यासकट माळावर बसवलंय, आणि त्याचं तोंड सारखं झऱ्याकडं. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
चंदन

ता.क. तात्यांना सांगून सरदारला न्यायची व्यवस्था कर. माझ्या शब्दावर तो डोंगर उतरत नाही. त्यांनी फक्त न्यायला यावं, काही आणू नये.

ता.क. तुमच्या गोठ्यात नवी काळी शेळी दिसत असेल. ती मामांची आहे. धाक शोधायला निघालो तेव्हा गुपचूप बरोबर नेली होती, सरदारच्या बदल्यात ठेवून आलो. मामा तिला अजून माळावर हाका मारतात. विकू देऊ नकोस.

ता.क. पत्राची घडी घालत होतो तोच पायवाटेनं खुद्द तात्या येताना दिसले. हैबतीबाबांनी निरोप धाडला असणार. तात्यांच्या मागं दोरीला एक म्हैस आहे. लांबूनच ओरडून सांगतायत, रेडा एकटा पडला म्हणून पाण्यात बसतो, जोडी असली की बसायचा नाय. मामा आणि हैबतीबाबा एकाच दगडावर तंबाखू मळत होते, दोघं उठले. चंद्राबाईंनी जांभळीची फांदी मोडली, मामींनी ती वाटेच्या मधोमध खोवली, आणि दोन्ही वाड्या फांदीमागं उभ्या राहिल्या. तात्या फांदीपाशी थांबलेत. म्हैस फांदीकडं बघतेय. सरदार आणि मी फांदीच्या बाहेरच्या अंगाला आहोत. मामा म्हणतात, जनावरं घेऊन तूपन खाली जा, आन् येताना शेळी आन. (म्हणजे त्यांना ठाऊक होतं.) तेव्हा हे पत्र टपालात टाकत नाही, मीच घेऊन येतोय. दाराला कडी लावू नकोस.