तुळशीखालचा हंडा आणि कोलंबो

मु. चौसाळा, बहमन महिना (म्हणजे आपला पौष), फसली १३४८

रा. रा. राधाकिशनराव मेहुणे, मुक्काम युसूफ वडगाव, यांना चौसाळ्याच्या सुंदररावाचा साष्टांग नमस्कार. (जावयाने बायकोच्या भावाला साष्टांग घालायचा नसतो हे मला ठाऊक आहे. तूर्त घातला आहे, ठेवून घ्यावा.) आपला गुडघा कसा आहे? ज्वारी कशी आहे, म्हैस व्याली का, आणि रुसून आपल्याकडे आलेली आपली बहीण, म्हणजे आमची मंडळी सौ. केसर, नीट जेवते का? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे मी एकटा आहे.

तिने आपल्याला काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे, म्हणून माझीही बाजू कळवतो. माझा बॅटरीवरचा रेडिओ आपण पाहिलाच आहे. गावाची समजूत अशी की रेडिओ गाणी ऐकायला असतो. गाणी काय, कोणीही ऐकेल. माझा छंद लांबची स्टेशनं पकडण्याचा. मुंबई लागली की मी काटा पुढे सरकवतो. दिवेलागणीला आणि पहाटे हवा बरी असते, तेव्हा खरखरीच्या पलीकडून दिल्ली येते, कधी कोलंबो, आणि नशीब असलं तर भाषासुद्धा ओळखू येत नाही असं काहीतरी. मग त्या स्टेशनला पत्र घालायचं की तुमचा आवाज चौसाळ्याला पोचला, आणि ते छापील कार्ड पाठवून ते कबूल करतात. (ही कार्डं मी देवघराशेजारी डकवली आहेत. सौ. त्यांनाही हळद-कुंकू लावते, मी हरकत घेतली नाही.) शेजारचे तात्याबा एकदा बराच वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, "चांगलं ऐकू येतंय ते सोडून, ऐकू येत न्हाई ते कावून ऐकता तुमी?" मी त्यांना चहा दिला.

लांबचं पकडायचं तर एक तार उंच लागते आणि एक जमिनीत. उंच तार मी अंगणातल्या कडुलिंबावरून घेतली. (तिच्यावर शेजारच्या छबुबाई गोधड्या वाळत घालतात, त्या दिवशी दिल्ली येत नाही.) जमिनीतल्या तारेबद्दल, माझी बॅटरी भरून देणारे बीडचे अजीज मिस्त्री म्हणाले, "खाली तांब्याचं कायतरी जोडा, गाडून टाका, अन् जागा हमेशा ओली ठेवा." आता आपणच सांगा, पाऊस सरल्यावर चौसाळ्यात हमेशा ओली जागा कुठली? तुळशीवृंदावनाचं बूड. सौ. आंघोळ झाली की तिथे तांब्याभर पाणी घालते, त्यात खंड नाही. आणि तांब्याचं कायतरी म्हणजे, माळ्यावर पालथा पडलेला हंडा, जो आपण लग्नात आहेर केला होता. सौ. बाजाराला गेली तेव्हा मी खड्डा घेतला. हंडा मी विकला नाही, मोडीत घातला नाही, आपल्या आहेराला तुळशीचं सान्निध्य मिळवून दिलं. त्या संध्याकाळी कोलंबो शेजारी बसून बोलल्यासारखा आला.

पुढे वेळ अमावस्येची शेतातली पूजा आणि जेवण आलं. शेतात पाणी न्यायला सौ.ने हंडा शोधला. सापडेना तेव्हा तिने कल्हईवाल्यावर संशय घेतला, त्याच्या सात पिढ्या काढल्या. मी मध्ये पडलो नाही, कारण दिल्ली लागत होती. मग तिचं लक्ष रेडिओमागून अंगणात गेलेल्या तारेकडे गेलं. ती तार हातात धरून ती वृंदावनापर्यंत आली, खुरप्याने माती उकरली, आणि हंड्याचा काठ वर आला. ती एवढंच म्हणाली, "माज्या भावाचा हंडा माज्याच तुळशीबुडी पुरला, अन् मीच येडी रोज त्याच्यावर पाणी घालत बसले." दुसऱ्या दिवशी ती आपल्याकडे यायला केजच्या मोटारीत बसली.

तेव्हापासून तुळशीला पाणी नाही. जमीन कोरडी पडली, रेडिओत नुसती खरखर आहे. रेडिओचं सोडा, पण तुळस वाळू देणं बरं नाही, शेवटी हा धर्माचा प्रश्न आहे. तरी तुळशीकडे पाहून सौ.ला लवकर धाडावं, ही विनंती.

आपला,
सुंदरराव

ता. क. : तुळशीला काल मीच पाणी घातलं. (मलाही घालता येतं, हे आधी सुचलं नव्हतं.) तुळस जगेल, रेडिओही सुरू झाला. आज पहाटे एक अगदी नवं स्टेशन आलं, कोलंबोपेक्षाही लांबचं असावं. मी सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "लागलं बघ!" एरवी तिकडून उत्तर येतं, "लागू द्या, आधी दूध बघा." ते आलं नाही. मी रेडिओ बंद केला. तेव्हा वरचं तुळशीचं कारण रद्द समजावं. मला करमत नाही.

पुन्हा ता. क. : हंडा उकरून काढला. आता कोलंबो नाही आणि दिल्लीही नाही. आमचा गडी सटवा म्हणाला, "कल्हईवाल्याकडं देतो की मालक." मी दिला नाही. चिंच-मीठ लावून घासला आहे, पण निम्मा उजळला, निम्मा तसाच राहिला. तो तिकडे पाठवणार नाही, बघायला तिलाच यावं लागेल. कोणी घासला हे तिला सांगू नये. एकदा पाहिला की तिला कळेल.